स्टेशनपासून दहा मिनिटं

डोंबिवलीत कुठलंही घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर असतं. सत्तावीस वर्षं मी हे सांगत आलोय आणि माझ्या आधीची पिढीही हेच सांगत होती. फडके रोडवरचं घर दहा मिनिटांवर, मानपाडा रोडवरचं दहा मिनिटांवर, आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या पलीकडे, जिथल्या लोकांना लोकलचा भोंगा फक्त स्वप्नात ऐकू येतो, तिथलं घरही दहाच मिनिटांवर. नऊ म्हटलं तर पार्टी घड्याळ लावून बघते. अकरा म्हटलं तर ठाकुर्लीच्या एजंटकडे जाते. दहा म्हटलं की मान डोलावते. तिला ठाऊक असतं की मी थाप मारतोय, मला ठाऊक असतं की तिला ठाऊक आहे, आणि या परस्परविश्वासावर आमचा धंदा चालतो.

ही दहा मिनिटं आम्ही अगदीच हवेतून काढतो असं मात्र नाही. त्याला पद्धत आहे. पुलाच्या शेवटच्या पायरीपासून त्या वस्तीतल्या पहिल्या दुकानापर्यंतचं अंतर घ्यायचं. वेळ पहाटे साडेपाचची धरायची. रस्त्यावर फेरीवाला, रिक्षा आणि खड्डा नाही असं समजायचं. चालणारा माणूस पंचविशीतला घ्यायचा आणि त्याची लोकल सुटायला आलेली आहे असं धरायचं. मग येतात दहा मिनिटं. कधी साडेनऊसुद्धा येतात.

मी इस्टेट एजंट. १९९६ साली छापलेल्या पहिल्या कार्डावर 'रूम एजंट' होतं. पुढे धंदा वाढला तसा 'इस्टेट एजंट' झालो, मग 'प्रॉपर्टी कन्सल्टंट'. सासुरवाडीला मात्र मी साखरपुड्यापासून 'दलाल'च आहे. रेरा कायदा आला तेव्हा मी त्यात आमची व्याख्या मोठ्या आशेनं शोधली. तिथं लिहिलंय की ब्रोकर, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, कोणत्याही नावानं ओळखला जावो, एजंट तो एजंटच. म्हणजे कार्डांवर घातलेला सगळा खर्च संसदेनं २०१६ साली एका ओळीत पाण्यात घालवला, आणि सासरेबुवांना कायद्याचं पाठबळ मिळालं.

१ मे २०१७ ला महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं. मी रीतसर नोंदणी केली, नंबर मिळाला, तो कार्डावर छापला. वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण जानेवारी २०२३ मध्ये घोड्याला पुन्हा बोलावणं आलं. आदेश निघाला की प्रत्येक एजंटनं २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं. बिल्डरांच्या ऑफिसात बसून फ्लॅट विकणाऱ्या पोरापोरींनाही हीच परीक्षा. मुदत पुढे वाढून १ जानेवारी २०२४ झाली, पण सुटका कुणाचीच नव्हती.

टपरीवर सुतक पसरलं. आमच्यात एक जण आहे, त्याला सगळे टोकनशेठ म्हणतात, कारण पार्टी "घरी विचारून सांगतो" म्हणेपर्यंत तिचं टोकन याच्या खिशात गेलेलं असतं. तो कटिंग हातात तशीच धरून बसला होता. म्हणाला, "परीक्षा नको म्हणून तर या धंद्यात आलो ना रे मी! दहावीला तीनदा बसलो, चौथ्यांदा मास्तरच म्हणाले, तू जागेचं काहीतरी कर." दुसऱ्यानं विचारलं, कॉपी चालेल का. तिसरा म्हणाला, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक अडचणीवर ओळखीचा एक माणूस असतो. या वेळी मात्र त्या माणसालाच परीक्षा होती.

घरी सांगितलं. बायको नगरपालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालीय, त्यामुळे 'परीक्षा' हा शब्द ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी टवटवी आली.

"कसली परीक्षा म्हणायची ही?"

"म्हणजे... गिऱ्हाइकाला नीट माहिती द्यायची, कायदा काय, नियम काय."

"खरं सांगायची परीक्षा?"

"तसंच काहीसं."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "वेळ आहे अजून," ती म्हणाली. "आणि लागेलच तो."

परीक्षा घेणार होती आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या क्लार्क आणि ऑफिसरच्या परीक्षा घेते तीच संस्था. आमच्या शेजारचा मुलगा चार वर्षं तिच्या परीक्षा देतोय. त्याला हे कळलं तसा तो स्वतःहून आला आणि पहिल्यांदाच मला वाकून नमस्कार केला. आजवर मी त्याच्या लेखी जिन्यात चपला वाजवणारा काका होतो, आता सहपरीक्षार्थी झालो. त्यानं मला एकच मंत्र दिला. "काका, चार पर्यायांतले दोन तर बघताक्षणी खोटे दिसतात, ते आधी मारायचे. उरलेल्या दोनांत जो जास्त कंटाळवाणा, तो बरोबर."

मी रात्रभर याचा विचार केला. आमच्या धंद्याचं अख्खं शास्त्र त्यानं उलटं करून ठेवलं होतं. आम्ही आयुष्यभर कंटाळवाण्या गोष्टीवर चुना मारून तिचं 'निसर्गाच्या सान्निध्यात' करतो. मागं नाला असेल तर ब्लॉक 'वॉटर फेसिंग'. समोर काहीच नसेल तर 'डेव्हलपिंग एरिया'. बाजूला स्मशान असेल तर 'शांत लोकॅलिटी', आणि यात तर एक अक्षर खोटं नाही.

प्रशिक्षणाच्या वर्गात आम्ही जेमतेम चाळीस जण होतो. पहिल्या बाकावर एका बिल्डरकडच्या दोन मुली, नव्या वह्या आणि तीन रंगांची पेनं घेऊन. मधे आमच्यासारखे, चष्मा सापडत नाही असं दाखवणारे. शेवटच्या बाकावर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, ज्यांनी म्हणे गिरगावातल्या चाळींच्या पागडीपासून धंदा पाहिलाय. शिकवायला एक वकील मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आल्या आल्या फळ्यावर लिहिलं 'कार्पेट एरिया' आणि विचारलं, "सांगा, म्हणजे काय?"

शेकडो वर्षांचा एकत्रित अनुभव त्या खोलीत बसला होता. कुणी बोलेना.

"बिल्डर सांगेल तो," एकानं धीर केला.

"सुपर बिल्टअपमधून लाज वजा केली की उरतो तो," मागून आजोबा म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कलम सांगितलं. कार्पेट एरिया म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत, पाइपांच्या डक्टची जागा नाही, बाल्कनी नाही, उघडी गच्ची नाही. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरायच्या. सरकारी मराठीत याला चटई क्षेत्र म्हणतात. मला तो शब्द फार प्रामाणिक वाटला. कार्पेट म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेलची लॉबी येते. चटई म्हटलं की माणूस आपोआप जमिनीवर बसतो.

"घरी जाऊन प्रत्येकानं आपलं स्वतःचं घर मोजून आणा," मॅडमनी गृहपाठ दिला. हा गृहपाठ मी करायला नको होता.

त्यासाठी आमच्या ब्लॉकचा इतिहास सांगायला हवा. २००४ साली एका बिल्डरची इमारत मी विकत होतो. त्यातले चौदा ब्लॉक मी विकले. पंधरावा गिऱ्हाइकाविना राहिला, म्हणून बिल्डरनं मला स्टाफ रेटनं देऊ केला. मी माझंच माहितीपत्रक पुन्हा वाचलं. ते मीच लिहिलं होतं. ६४० फूट, प्रशस्त, हवेशीर, स्टेशनपासून दहा मिनिटं. वाचून मला इतका मोह झाला की मी घासाघीसही केली नाही. टोकन जागेवर दिलं.

तर एका संध्याकाळी मी मेजर टेप धरली, दुसरं टोक मुलीनं धरलं आणि बायको वही घेऊन बसली. हॉल मोजला. बेडरूम मोजली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पॅसेज. आतल्या भिंती नियमाप्रमाणे धरल्या. मी मुद्दाम टेप थोडी सैल सोडत होतो, पण मुलगी इंजिनीअर आहे. बायकोनं खाली रेघ मारली, बेरीज केली, शिक्षकांच्या सवयीनं एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

"चारशे एकवीस."

"बाल्कनी?"

"बाल्कनी धरायची नाही म्हणालात ना?"

आमच्या इमारतीत बाल्कनी बघायला मिळत नाही, कारण सगळ्यांनी ती दोन-तीन वर्षांतच आत घेतली. आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशिन, तांदळाचं पिंप आणि माझ्या वडिलांची लोखंडी पेटी आहे. बायकोनं तिकडे बघितलं. "म्हणजे माझं वॉशिंग मशिन कायद्यानं घरात नाहीच?"

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या, नाही.

"बरं. ६४० वजा ४२१. उरले २१९. एकोणीस वर्षं आपण हे २१९ फूट कुठं ठेवलेत?"

मग मी तिला लोडिंग समजावून सांगितलं. कार्पेटवर भिंती चढतात, त्यावर जिना चढतो, लिफ्ट चढते, वॉचमनची केबिन, पाण्याची टाकी, मीटर बॉक्स, गणपतीचं छोटं देऊळ, असं करत बावन्न टक्के. हेच समजावणं मी शेकडो नवराबायकोंपुढे केलं होतं, आणि प्रत्येक वेळी नवऱ्यानं "हो, हो, ते असतंच" म्हणत बायकोकडे पाहिलं होतं. या वेळी नवरा मीच होतो. "हो, हो" म्हणायलाही कुणी नव्हतं. बायको एवढंच म्हणाली, "जिना आपला आहे तर झाडून का घेत नाही कधी?"

त्या रात्री मला कळलं की माझ्या धंद्यात मी सर्वात सफाईनं गंडवलेलं गिऱ्हाईक म्हणजे मी. वर त्याच्याकडून कमिशनही मिळालं नव्हतं.

यानंतर अभ्यासाची सूत्रं बायकोनं हाती घेतली. रोज रात्री जेवण झालं की "अहो, बसा." स्वयंपाकघरातल्या टेबलावर कायद्याची मराठी प्रत, बाजूला दूध. मी विकतो त्या गोष्टींची मराठी नावं मला पन्नाशीनंतर प्रथमच कळत होती. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. 'भोगवटा' वाचून वाटलं, शब्द करणाऱ्यानं ओसी नसलेल्या इमारतीत दहा वर्षं टँकरचं पाणी भोगून मगच तो केला असावा. बिल्डर म्हणजे प्रवर्तक. हे ऐकून आमच्या बिल्डरला एखाद्या धर्माची स्थापना केल्यासारखं वाटेल. आणि डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. हा शब्द एका दमात उच्चारता आला तर जमीन सोसायटीच्या नावावर करायला हरकत नसावी.

बायको प्रश्न विचारी, मी उत्तर देई. करार नोंदवण्याआधी किती रक्कम घेता येते? दहा टक्क्यांपर्यंत. (१९६३ च्या मोफा कायद्यात वीस टक्के होती; टोकनशेठला यातला कुठलाच आकडा माहीत नव्हता, तो टक्केवारी पार्टीच्या कपड्यांवरून ठरवायचा.) गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतले किती वेगळ्या खात्यात ठेवायचे? सत्तर टक्के, आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे. ताबा दिल्यावर बांधकामात दोष निघाला तर? पाच वर्षांपर्यंत बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. इथं मी थबकलो. आमच्या बेडरूमच्या छतातून २००७ च्या पावसाळ्यापासून पाणी ठिबकतंय. तेव्हा हा कायदा जन्मायचा होता. बायकोनं वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता पुढचा प्रश्न विचारला. शाळेत तिचा असाच दरारा होता म्हणे.

पार्किंगच्या धड्यानं तर जुनी जखम उघडी केली. उघडी जागा किंवा इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये नहालचंद लालूचंद यांच्या खटल्यात दिला. त्याच वर्षी मी एका गृहस्थांना दोन खांबांमधली जागा लाखभराला मिळवून दिली होती आणि वर "तुमच्यासाठी खास" असंही म्हटलं होतं. ते अजून तिथंच गाडी लावतात. मी रस्त्यात दिसलो की हॉर्न वाजवतात. इतकी वर्षं मी समजत होतो की ते ओळख देतात.

एके रात्री दंडाचं कलम आलं. नोंदणी नसलेल्या किंवा कर्तव्यात चुकलेल्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. बायकोनं पेन्सिल कानावरून काढली.

"तुमचं कमिशन किती?"

"दोन टक्के."

"आणि दंड पाच टक्क्यांपर्यंत. म्हणजे खरं बोललेलं स्वस्त पडतं." तिनं ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. नीतिशास्त्राचा इतका रोकडा हिशेब मी कुठल्या प्रवचनातही ऐकला नव्हता.

परीक्षा पावसाळ्यात झाली. केंद्राच्या गेटबाहेर अडीचशे-तीनशे एजंट छत्र्या घेऊन उभे. परीक्षेआधी लोक टिपणं चाळतात, इथं प्रत्येक जण स्टॉक चाळत होता. "वन बीएचके आहे का कोपरला?" "पार्टी तयार आहे, अर्धा-अर्धा करू." आत जाईपर्यंत माझ्या समोर दोन सौदे जवळपास जमले होते आणि एक फिसकटला होता. आत मोबाईल काढून घेतले तेव्हा काही जणांचे हात थरथरले. तीस वर्षांत प्रथमच तासभर त्यांना कुणी फोन करणार नव्हतं.

मला खुर्ची दाखवणाऱ्या तरुण पर्यवेक्षकानं ओळखपत्र पाहिलं, मग वाकून हळूच विचारलं, "काका, ठाकुर्लीला टू बीएचके असेल का बजेटमध्ये?"

सत्तावीस वर्षांत असा प्रश्न मी कधी हातचा सोडला नाही. पण समोर संगणकावर माझा फोटो आणि आसन क्रमांक झळकत होता. मी म्हटलं, "बाळा, पास होईपर्यंत थांब."

प्रश्न सुरू झाले. शेजारच्या पोराचा मंत्र म्हणत मी एकेक पर्याय मारत गेलो. अडचण एवढीच की मला खोटे पर्याय फार ओळखीचे वाटत होते. ते सगळे मी केव्हा ना केव्हा म्हटलेले होते. एक वाचला की एखादी पार्टी आठवायची, कधी एखादी साईट, कधी मी कुठल्या हॉटेलात चहा पाजत ते वाक्य म्हटलं होतं तेही. मग मी त्या वाक्याला मनातल्या मनात रामराम करून त्याच्या शेजारचा, कंटाळवाणा पर्याय निवडत होतो. माझ्या पलीकडे टोकनशेठ माऊस टेबलावरून उचलून स्क्रीनला लावून बघत होता.

पास झालो. टोकनशेठही झाला, दुसऱ्या खेपेला, आणि आता टपरीवर कुणी 'बिल्टअप' म्हटलं की तोच त्याला कलम ऐकवतो. प्रमाणपत्राला बायकोनं फ्रेम केली आणि हॉलमध्ये, गणपतीच्या खाली आणि तिच्या आदर्श शिक्षिका पुरस्काराच्या दोन बोटं खाली, लावली. ही जागा टेप लावूनच ठरवली.

धंदा मात्र चमत्कारिक झालाय. ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. पार्टी त्यावर मोबाईल धरते, आणि ताबा कधी मिळणार ते मला कळायच्या आत तिला कळतं. पूर्वी मी सांगायचो आणि पार्टी ऐकायची. आता पार्टी सांगते आणि मी कलम क्रमांक जोडतो. एका बिल्डरनं मला बोलावून घेतलं. त्याच्या रंगीत माहितीपत्रकात तलाव, राजहंस आणि कुत्र्याला फिरवणारी एक परदेशी बाई होती. मी त्याला म्हटलं, शेठ, जाहिरातीत दाखवलं आणि दिलं नाही तर भरपाई द्यावी लागेल. तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. "बाईसुद्धा द्यावी लागेल?" त्यानं विचारलं.

गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं, नवं लग्न झालेलं, दोघांच्या खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा. मानपाडा रोडवरचा वन बीएचके दाखवला. कार्पेट सांगितला, चौरस मीटरमध्ये आणि फुटांत. ओसीची प्रत दाखवली. बाल्कनी वेगळी सांगितली. पार्किंगबद्दल त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. मुलगी मोबाईलवर सगळं टिपून घेत होती.

"आणि स्टेशनपासून किती?" मुलानं विचारलं.

घसा दाटून आला. ते अंतर मी आदल्याच रविवारी बायकोबरोबर चाललो होतो. घड्याळ तिच्या हातात होतं आणि ती सिग्नलला थांबलेला वेळही मोजत होती.

"चालत बावीस मिनिटं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पण काल दुसऱ्यांनी याच बिल्डिंगला दहा सांगितली होती," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात मी काहीतरी दडवतोय असा संशय होता.

"बावीसच आहेत, ताई. सावकाश चाललात तर चोवीस."

ती मोबाईल पर्समध्ये टाकायला लागली. मुलगा दारापर्यंत गेला आणि वळला.

"आणि रिक्षानं, काका?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं. अख्ख्या कायद्यात रिक्षाचा उल्लेख कुठंही नाही.